८० हर्ट्झचा सांधा जुळवताना

पाच स्पीकर आणि एक सबवूफर (फक्त खालचे सूर, म्हणजे बेस, वाजवणारा मोठा स्पीकर) जोडले, रिसीव्हरसोबत (सगळे स्पीकर ज्याला जोडतात त्या अँप्लिफायरसोबत) आलेला मायक्रोफोन सोफ्यावर ठेवून स्वयंचलित कॅलिब्रेशन, म्हणजे आवाज मोजून जुळवण्याची प्रक्रिया, चालवले की होम सिनेमाची मांडणी पूर्ण झाली, असा समज फार रूढ आहे. पुढे काही दिवसांनी ज्या तक्रारी ऐकू येतात त्याही ठरलेल्या असतात: स्फोटाच्या दृश्यात सगळी खोली घुमते, पार्श्वसंगीतातला एखादा खालचा सूर मात्र गायबच होतो, आणि सबवूफर कोणत्या कोपऱ्यात ठेवला आहे हे डोळे मिटूनही सांगता येते. यातल्या बहुतेक तक्रारींचे मूळ दोन गोष्टींत असते, असे माझे ठाम मत आहे. एक म्हणजे सबवूफरची जागा, आणि दुसरी म्हणजे सबवूफर जिथे थांबतो व इतर स्पीकर जिथे सुरू होतात तो सांधा. पहिली गोष्ट कोणतेही सॉफ्टवेअर आपल्यासाठी करू शकत नाही आणि दुसरी ते पुष्कळदा अर्धवट करते.

मुख्य स्पीकरांच्या मांडणीचे नियम त्या मानाने सरळ आहेत. डावा आणि उजवा स्पीकर श्रोत्याच्या नाकासमोरच्या रेषेपासून प्रत्येकी २२ ते ३० अंशांवर असावा, आणि ५.१ मांडणीतले (पाच स्पीकर व एक सबवूफर) सराउंड स्पीकर ११० अंशांच्या आसपास, म्हणजे बाजूला पण किंचित मागे, कानांच्या पातळीवर किंवा जरासे वर असावेत. सेंटर स्पीकरकडे मात्र थोडे अधिक लक्ष द्यावे, कारण चित्रपटातले जवळजवळ सगळे संवाद त्याच्यातूनच येतात. तो टीव्हीखालच्या कप्प्यात असेल तर फळीच्या अगदी कडेपर्यंत पुढे ओढावा आणि त्याची पुढची बाजू खाली आधार देऊन थोडी उचलावी, म्हणजे त्याचा रोख आपल्या गुडघ्यांऐवजी कानांकडे राहील. एवढ्याने संवादांची स्पष्टता जितकी सुधारते तितकी ती आवाज वाढवूनही सुधारत नाही.

सबवूफरचे गणित वेगळे आहे, कारण तिथे स्पीकरपेक्षा खोलीची सत्ता अधिक चालते. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, त्यामुळे ४० हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेआठ मीटरच्या वर जाते. राहत्या घरातल्या बहुतेक खोल्या याहून लहान असतात. समोरासमोरच्या भिंतींवर आदळून परतणाऱ्या अशा लहरी एकमेकींत मिसळतात आणि खोलीत काही ठिकाणी आवाज फुगतो, तर काही ठिकाणी तो जवळजवळ नाहीसा होतो. ५ मीटर लांबीच्या खोलीत लांबीच्या दिशेचा असा पहिला अनुनाद ३४ हर्ट्झच्या जवळ पडतो आणि त्याचा खड्डा, म्हणजे आवाज नाहीसा होण्याची जागा, बरोबर खोलीच्या मध्यावर असतो. सोफा तिथे असेल तर त्या सुरापुरता महागड्यातला महागडा सबवूफरही मुका वाटेल. याउलट, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर तिथे सगळेच खालचे सूर फुगतात आणि घुमल्यासारखे वाटते. म्हणून सबवूफर हलवण्याआधी सोफा एक-दीड हात पुढेमागे सरकवून पाहावा, असे मी सुचवेन.

हे फुगे आणि खड्डे इक्वलायझरने, म्हणजे निवडक सुरांचा आवाज कमी-जास्त करण्याच्या सोयीने, बुजवता येतील असे वाटणे स्वाभाविक आहे, पण त्यातले अर्धेच खरे आहे. फुगवटा कापता येतो आणि तो कापल्याने फायदाच होतो. खड्डा मात्र भरत नाही, कारण सबवूफरमधून आपण जितके जास्त सोडू तितकीच परतणारी लहरही मोठी होते आणि ती पुन्हा तितकेच खाऊन टाकते. १० डेसिबल वाढवायचे म्हणजे अँप्लिफायरकडून दहापट शक्ती मागायची, आणि एवढे करूनही कानाला विशेष काही ऐकू येत नाही. खड्ड्याला उपाय एकच, जागा बदलणे.

ती जागा शोधण्याची एक जुनी पद्धत आजही माझ्या मते सर्वांत विश्वासार्ह आहे. सबवूफर उचलून सोफ्यावर, आपण बसतो नेमक्या त्या जागी ठेवावा, बेसचे सूर क्रमाने चढत-उतरत जाणारे एखादे वाद्यसंगीत त्यावर लावावे, आणि मग गुडघ्यांवर येऊन, कान सबवूफरच्या उंचीवर ठेवून भिंतीच्या कडेकडेने हळूहळू सरकत जावे. कोपऱ्यात सगळेच सूर भरभरून, पण एकमेकांत कालवल्यासारखे येतात. तिथून हातभर पुढे सरकले की एखादा सूर अचानक बुडतो, आणखी थोडे पुढे गेले की तोच सूर वर येतो आणि दुसरा बुडतो. मग एखादी जागा अशी सापडते जिथे प्रत्येक सूर वेगळा आणि साधारण सारख्याच जोराचा ऐकू येतो. सबवूफर तिथे ठेवावा. ध्वनीचा उगम आणि श्रोता यांनी जागा बदलल्या तरी त्यांच्यामधला परिणाम तोच राहतो, हे ध्वनिशास्त्रातले तत्त्व या खटाटोपामागे आहे.

एकाहून अधिक आसने असतील तर एका सबवूफरने सगळ्यांचे समाधान होत नाही. हार्मन कंपनीत टॉड वेल्टी यांनी २००२ च्या सुमारास केलेल्या अभ्यासातून असे दिसले की आयताकृती खोलीत समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेले दोन सबवूफर आसनाआसनातला फरक बराच कमी करतात. दोन्हीकडून एकाच वेळी जोर लागल्याने त्या दिशेचा पहिला अनुनाद उठतच नाही. एकच मोठा सबवूफर घ्यावा की दोन मध्यम घ्यावेत, असा प्रश्न असेल तर मी विनासंकोच दोन मध्यम सुचवेन.

जागा ठरली की स्वयंचलित कॅलिब्रेशनची वेळ येते. त्याआधी सबवूफरच्या पाठीवरचा क्रॉसओव्हरचा (सबवूफर आणि स्पीकर यांच्यात सूर वाटून देणाऱ्या फिल्टरचा) खटका बंद करावा, किंवा त्याची कळ सर्वांत वरच्या आकड्यापर्यंत फिरवावी, नाहीतर रिसीव्हरचा आणि सबवूफरचा असे दोन फिल्टर एकावर एक बसतात. मायक्रोफोन तिकाटण्यावर, कानांच्या उंचीवर असावा. सोफ्याच्या पाठीवर ठेवला तर तो गादीवरून परतणारा आवाजही मोजतो. पंखा बंद असावा आणि खोलीत शक्यतो कोणी नसावे.

मोजणी झाल्यावर रिसीव्हरने काय ठरवले आहे ते स्वतः तपासावे. स्पीकर जमिनीवर उभे राहणारे आणि दिसायला भारदस्त असले तर पुष्कळ रिसीव्हर त्यांना ‘लार्ज’ ठरवतात आणि सगळा बेस त्यांच्याकडेच ठेवतात. तो बदलून ‘स्मॉल’ करावा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर आणावा. छोट्या सराउंड स्पीकरांसाठी १०० किंवा १२० हर्ट्झही चालतो. ८० हर्ट्झच्या खाली आवाज कोणत्या दिशेने येतो हे कानाला सहसा ओळखता येत नाही, म्हणूनच हा आकडा रूढ झाला आहे. सबवूफरचे अंतर प्रत्यक्षात ३ मीटर असताना रिसीव्हर साडेचार मीटर दाखवत असेल तर ते दुरुस्त करायला जाऊ नये. सबवूफरच्या अंतर्गत फिल्टरांमुळे होणारा विलंब त्याने अंतराच्या रूपात त्यात धरलेला असतो.

तरीही हा आकडा अंतिम नव्हे, आणि खरा सांधा इथेच जुळवायचा असतो. ८० हर्ट्झला लहरीची लांबी सुमारे ४.३ मीटर असते, म्हणजे अंतरात सव्वादोन मीटरच्या आसपास चूक झाली की सबवूफर आणि स्पीकर एकमेकांविरुद्ध ढकलू लागतात आणि ऐन सांध्यावर आवाज खचतो. हे पाहण्यासाठी ८० हर्ट्झचा स्थिर सूर लावावा, फक्त सेंटर स्पीकर आणि सबवूफर चालू ठेवावेत, आणि ध्वनिमापक कानांच्या जागी धरावा. मग रिसीव्हरच्या मेनूमधले सबवूफरचे अंतर थोडे थोडे बदलत प्रत्येक वेळी आकडा पाहावा. तो हळूहळू चढतो, एका टप्प्यावर ठरतो आणि पुढे पुन्हा उतरू लागतो; चढाचा माथा तीच आपली जागा. काही वेळा सबवूफरवरचा फेजचा, म्हणजे लहर उलटी करणारा, खटका ० वरून १८० वर नेल्याशिवाय माथा सापडतच नाही. मग शेजारच्या सुरांवर, म्हणजे ७० आणि ९० हर्ट्झवरही, तीच तपासणी करावी, कारण एकाच सुराचा माथा कधीकधी फसवा असतो. ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे मोफत सॉफ्टवेअर आणि यूएसबीचा कॅलिब्रेट केलेला मायक्रोफोन हाताशी असेल तर हेच काम आलेखावर कितीतरी लवकर होते. मोबाइलवरच्या ॲपवर मात्र सबवूफरपुरता भरवसा ठेवू नये, कारण फोनचे मायक्रोफोन खालचे सूर बऱ्याचदा कमी मोजतात.

आवाजाच्या पातळ्या शेवटी जुळवाव्यात. रिसीव्हरचा चाचणी-ध्वनी लावून ध्वनिमापक ‘सी’ वेटिंग आणि ‘स्लो’ वर ठेवावा आणि प्रत्येक स्पीकर ७५ डेसिबलवर आणावा. सबवूफरसाठी रिसीव्हरमधली दुरुस्ती शून्याच्या थोडी खाली राहील अशा बेताने त्याच्या पाठीवरचा आवाज ठेवावा, म्हणजे रिसीव्हरच्या बाजूने सिग्नल फाटत नाही. एलएफई, म्हणजे चित्रपटातला फक्त खालच्या सुरांचा स्वतंत्र चॅनल, मुळातच इतरांपेक्षा १० डेसिबल जास्त वाजावा अशी योजना असते, पण ती वाढ रिसीव्हर स्वतः करतो. आपण वेगळी करायची नाही.

इतके सगळे बिनचूक झाल्यावरही रात्री हळू आवाजात चित्रपट पाहताना बेस गेल्यासारखा वाटतो. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिले होते की आवाज कमी झाला की कानाची खालच्या सुरांबद्दलची संवेदनक्षमता मधल्या सुरांपेक्षा अधिक वेगाने घटते. रिसीव्हरमध्ये ‘डायनॅमिक ईक्यू’सारखी, हळू आवाजात बेस आपोआप वाढवणारी सोय असेल तर ती अशा वेळी चालू करावी. नसेल तर सबवूफर ३ डेसिबलने वाढवावा, पण ही वाढ रिसीव्हरच्या मेनूमध्येच करावी आणि सबवूफरच्या पाठीवरच्या कळेला हात लावू नये, म्हणजे मोजून ठरवलेल्या पातळीवर केव्हाही नेमके परत येता येते.