रिकामी स्ट्रिप

मावशी आल्या तेव्हा मी अजून देवाला उदबत्ती लावत होतो. सव्वानऊ वाजले असतील. ओआरएसची चार पाकिटं, जुलाबाच्या गोळ्या, अंगदुखीच्या गोळ्या. आदल्या संध्याकाळीही त्यांनी हेच नेलं होतं.

"कोणाला बरं नाही, मावशी?"

"पोराला. पोट धरून बसलाय. नाक गळतंय, डोळ्यांतून पाणी. अंगावर सारखा काटा येतोय. जांभयांवर जांभया देतोय, पण झोप म्हणाल तर दोन रात्री डोळ्याला डोळा नाही."

सर्दी आणि जुलाब एकदम होऊ शकतात. पण जांभया येतात आणि झोप येत नाही, जूनच्या उकाड्यात अंगावर काटा येतो, हे साधं दुखणं नव्हे. ह्याला पोरांच्या भाषेत टर्की म्हणतात. गर्द किंवा तशीच अफूच्या जातीची नशा थांबली की आठ-बारा तासांत सुरू होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त छळते.

मी त्यांना बाजूला फ्रिजपाशी बोलावलं आणि हळूच विचारलं, "मावशी, पोरगा काही घेतो का?"

त्यांनी आधी रस्त्याकडे पाहिलं. मग पदराची गाठ सोडून चार घड्या घातलेली एक स्ट्रिप काउंटरच्या काचेवर ठेवली. मी ती बोटाने सपाट केली. दहाच्या दहा घरं फुटलेली. अल्प्राझोलाम, झोपेची गोळी.

"गादीखाली सापडली. हीच एखादी द्या, भाऊ. निदान झोपंल तरी."

"चिठ्ठीशिवाय नाही देता येणार, मावशी."

हे वाक्य मी दिवसातून कितीतरी वेळा बोलतो. अल्प्राझोलाम, कोडीन, ट्रामाडॉल ही औषधं २०१४ पासून शेड्यूल एच-वन ह्या कडक नियमांच्या यादीत आहेत. डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, किती दिली, सगळं वेगळ्या रजिस्टरला चढवावं लागतं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. कोपरखैरण्यात मेडिकल टाकून मला अठरा वर्षं झाली. चिठ्ठीशिवाय ह्यातली एक गोळी काउंटरवरून गेलेली नाही. "नाही" म्हटलं की पोरं पाठ फिरवून पुढच्या दुकानात जातात आणि माझं काम तिथे संपतं, असं मी धरून चाललो होतो.

मावशी गेल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मग काय करू, ते तरी सांगा."

त्या चिडल्या नव्हत्या. खरंच विचारत होत्या. आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग त्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. नवरा एपीएमसीत, कांदा-बटाटा मार्केटला माथाडी. पोरगा तेवीस वर्षांचा, बापाबरोबर गोण्या उचलायला जाऊ लागला. दोन वर्षांपूर्वी कमरेत लचक भरली. सोबतच्या कोणीतरी ट्रामाडॉलची गोळी दिली. दुखणं गेलं, वर दिवसभर तरतरी. मग रोज एक, मग चार, मग सहा. २०१८ मध्ये ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं आहे, दुकानदार सहसा हात लावू देत नाहीत. "मेडिकलवाले गोळ्या देईनात, मग पोरांनी त्याला पावडर दिली," मावशी म्हणाल्या. दूध उतू गेलं, असं सांगावं इतक्या साधेपणाने.

ते ऐकून मी काही वेळ बोललो नाही. गोळी नाकारणं बरोबरच होतं, आजही मी नाकारतो. पण तो पोरगा कधीतरी माझ्याही काउंटरवर उभा राहिला असेल, आणि मला त्याचा चेहरासुद्धा आठवत नव्हता.

शनिवार रात्रीपासून त्याला खोलीत कोंडलं होतं. संध्याकाळी पाच वाजता कुठल्याशा केंद्राची गाडी येणार होती. रिक्षाच्या पाठीवरचा नंबर. मी तिथे फोन लावला. महिन्याला बारा हजार, तीन महिन्यांचे आगाऊ. चार माणसं येतील आणि उचलून नेतील. केंद्राची नोंदणी आहे का, विचारलं. "सगळं आहे." डॉक्टर कधी येतात? "डॉक्टर लागत नाही साहेब, आमच्याकडे शिस्त आहे." घरच्यांशी फोनवर बोलता येईल का? "तीन महिने नाही." मी फोन ठेवला.

खरी धास्ती मला त्या स्ट्रिपची होती. गर्द अचानक सुटली तर माणूस तळमळतो, जुलाब-उलट्यांनी सुकतो, पण नीट लक्ष दिलं तर बहुतेक वेळा निभावतो. रोजची झोपेची गोळी अचानक थांबली तर फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. दारूचंही तसंच. रोज भरपूर पिणाऱ्याला एकदम कोंडून ठेवलं तर दोन-तीन दिवसांत तो भ्रमात जाऊ शकतो, आणि घरचे म्हणतात, नाटक करतोय. हे सगळं मला शिकवलेलं होतं. डी. फार्मच्या पुस्तकात होतं. पण ते कोंडलेल्या खोलीच्या बाहेर उभ्या असलेल्या बाईला सांगायची वेळ कधी आली नव्हती.

मी १४४४६ लावला. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारचा हा निःशुल्क क्रमांक आहे. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्याही तेच म्हणाल्या, दोन नशा एकत्र आहेत, घरी ठेवू नका, मानसोपचार विभाग असलेल्या सरकारी रुग्णालयात आजच न्या.

म्हणजे ठाण्याचं मनोरुग्णालय. धाकट्या भावाला फोन करून दुकानावर बोलावलं. तोही फार्मासिस्ट आहे, म्हणून मला निघता आलं.

ठाण्याचं नाव काढल्यावर पोराचे वडील उठून उभे राहिले. "ठाण्याला? माझा पोरगा येडा नाय." ह्या भागात लहानपणापासून एकमेकांना चिडवायला आपण काय म्हणतो? ठाण्याला पाठवू का? १९०१ पासून ते मनोरुग्णालय तिथे उभं आहे आणि ह्या एका वाक्याने किती माणसांना त्याच्या दारापासून लांब ठेवलं असेल. वडिलांना दुसरी भीती पोलिसांची होती. मी त्यांना सांगितलं ते असं. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात, म्हणजे अमली पदार्थांच्याच कायद्यात, कलम ६४-अ आहे. नशा केल्याच्या किंवा अल्प प्रमाण जवळ बाळगल्याच्या गुन्ह्यात अडकलेला माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी येऊन पूर्ण उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे. शिवाय आज डॉक्टरकडे जायचं होतं, चौकीत नव्हे.

ओळखीच्याची ओम्नी मिळाली. गाडी दारात लागली तशी आतून पोरगा ओरडला. त्याला वाटलं, तीच गाडी. मावशींनी कडी काढली. तो कोपऱ्यात चादर गुंडाळून बसला होता, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, हातावरचे केस उभे. मी त्याच्यासमोर खाली बसलो. "मी मेडिकलवाला. तुला कोणी उचलून नेणार नाही. डॉक्टरकडे जाऊ, ते काय म्हणतात ते ऐकू, मग तू ठरव."

"ठरवू देतील?" तो म्हणाला.

ठाणे-बेलापूर रस्ता, दिघा, मग विटाव्याची ती नेहमीची कोंडी. दोनदा गाडी थांबवावी लागली. कळव्याच्या खाडीपुलावर त्याने आईच्या मांडीवर डोकं टाकलं. वडील पुढच्या सीटवर, मान न वळवता.

केसपेपर काढला. डॉक्टर मॅडम वयाने लहान होत्या. नाडी, रक्तदाब, बाहुल्या. मग त्यांनी आईबापांना बाहेर बसायला सांगितलं आणि पोरालाच विचारलं, काय घेतोस, किती, शेवटचं कधी. "गर्दुल्ला" हा शब्द तिथे कोणी काढला नाही. झोपेची गोळी एकदम न तोडता हळूहळू उतरवायची, गर्दच्या त्रासावर वेगळं औषध, आणि त्यासाठी भरती व्हावं लागेल, असं त्यांनी समजावलं. फॉर्म पुढे आला तेव्हा वडिलांनी पेनासाठी हात पुढे केला.

"तो सज्ञान आहे, काका. सही तो करेल."

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे आजार मानसिक आजारांतच धरले आहेत, आणि समजत असलेला सज्ञान रुग्ण स्वतःच्या सहीने भरती होऊ शकतो. कायदा माझ्या ऐकिवात होता. तो कागदावर घडताना त्या दिवशी पाहिला. पोराचा हात इतका थरथरत होता की पहिलं अक्षर रेघेच्या बाहेर गेलं. त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि आडनाव पूर्ण लिहिलं. वडील भिंतीकडे तोंड करून उभे होते.

तो तिथे तीन आठवडे होता. पुढे डॉक्टरांनी ब्युप्रेनॉर्फिन सुरू केलं, जिभेखाली ठेवायची गोळी. शरीराची ओढ ती भागवते, नशेत लोळवत नाही. वडिलांचं म्हणणं, एक नशा सोडवून दुसरी लावली. हा गैरसमज मी पुष्कळ शिकलेल्या लोकांतही पाहिला आहे. मधुमेहाची गोळी रोज घेतलेली चालते, ही का चालत नाही, एवढंच मी त्यांना म्हटलं. पटलं की नाही, माहीत नाही, पण गोळीची वेळ तेच सांभाळू लागले. डॉक्टरांनी एक धोका मात्र दोघांना बजावून सांगितला होता. काही दिवस बंद राहिलं की शरीराची सवय उतरते, मग जुन्याच मापाने घेतलं तर श्वास थांबू शकतो.

तिसऱ्या महिन्यात तो घसरला. एकदा. दुसऱ्या दिवशी स्वतःच आईला सांगून ओपीडीत गेला. आता तो नार्कोटिक्स अॅनॉनिमसच्या, म्हणजे नशा सोडणाऱ्यांच्याच गटाच्या, मीटिंगला जातो. फी नाही, रजिस्टर नाही, आडनाव विचारत नाहीत. कमरेमुळे गोण्या सोडल्या, महाप्याला एका गोदामात माल मोजायचं काम करतो.

एच-वनच्या रजिस्टरच्या पहिल्या कोऱ्या पानाला मी आता एक कागद टाचला आहे. १४४४६, मानसिक त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६, ठाण्याच्या ओपीडीचे वार, जवळच्या मीटिंगा कुठे भरतात ते, आणि ज्यांना लांब जायचं आहे त्यांच्यासाठी १९८६ पासून पुण्यात चाललेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र. "नाही" म्हटल्यावर तो कागद पुढे सरकवतो. बहुतेक पोरं बघत नाहीत. दोघांनी मोबाइलमध्ये फोटो काढून नेला.

गेल्या गुरुवारी तो दुकानात आला. गाल सुजलेला, अक्कलदाढ काढली होती. दंतवैद्याची चिठ्ठी काचेवर ठेवली, पण हात तिच्यावरच होता.

"काका, ह्यात ती गोळी आहे का बघा."

होती. पॅरासिटामॉलबरोबर मिसळलेलं ट्रामाडॉल. मी दंतवैद्यांना फोन लावला आणि त्याच्या हातात दिला. तो दुकानाच्या पायरीवर गेला, पाठ वळवून दोन मिनिटं बोलला. काय घेत होतो, आता कुठली गोळी चालू आहे, सगळं. मग फोन मला परत दिला. डॉक्टरांनी आयब्युप्रोफेन सांगितलं.

"किती झाले?"

"बावीस रुपये."

त्याने सुटे मोजून दिले, आणि गरम पाण्याच्या गुळण्या आजच सुरू करायच्या की उद्यापासून, ते विचारलं.