तुम्ही विचारलंत म्हणून : सिसिलीच्या समुद्रातली माणसं

"ते गोरे सैनिक तुमचे कोण? ऐंशी वर्षांनी त्यांना कशाला शोधता?" घरी येणारं कुणी ना कुणी हे विचारतंच. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या सिसिली बेटाजवळ समुद्रात बेपत्ता झालेल्या ब्रिटिश सैनिकांचा मी शोध घेते. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

माझं आजोळ माणगावजवळ. तिथल्या कचेरीसमोरचा नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा मी लहानपणापासून पाहत आले. मराठा लाइट इन्फन्ट्रीतले, पळसगावचे. १० जुलै १९४४ला इटलीत मशीनगनच्या ठाण्यावर ते एकटे चालून गेले, ठाणं घेतलं आणि तिथेच पडले. व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, पण त्यांची कबर नाही. इटलीतल्या कसिनोच्या स्मारकावर फक्त नाव आहे. ते बघायला मी गेले, तेव्हा भोवती चार हजारांवर नावं होती आणि एकाच्याही कबरीचा ठावठिकाणा नव्हता. ग्लायडर, म्हणजे दुसऱ्या विमानाने दोराने ओढून न्यायची बिनइंजिनाची विमानं, चालवणाऱ्या ग्लायडर पायलट रेजिमेंटचीही नावं त्यांत होती. ही मुलं गेली कुठे, हा प्रश्न मला तिथे सोडून येववला नाही.

घाडगे पडले त्याच्या साधारण एक वर्ष आधी, ९ जुलै १९४३च्या रात्री, ट्युनिशियातून १४४ ग्लायडर सिसिलीकडे निघाली. सिराक्यूजजवळचा पूल ताब्यात घ्यायचा होता. वारा जोराचा, ओढणाऱ्या विमानांच्या वैमानिकांना सराव कमी. दोर सुटले तेव्हा अनेकांना किनारा फार लांब होता. साठाहून अधिक ग्लायडर समुद्रात पडली आणि अडीचशेच्या आसपास माणसं बुडाली. शत्रूची गोळी लागायच्या आधीच. हे मला अजून पचत नाही.

शोधायचं कसं? माणसापासून नाही, ग्लायडरपासून. प्रत्येक ग्लायडरला नंबर असे, अंगावर खडूने लिहिलेला. दोन वैमानिक, तेराएक सैनिक, बहुतेक एकाच तुकडीचे. म्हणजे ग्लायडरमध्ये माणूस एकटा हरवत नाही. एकाचा पत्ता लागला की बाकीचे कुठे होते ते कळतं. पलटणीची वॉर डायरी, म्हणजे युद्धातली रोजची नोंदवही, काढायची, वाचलेल्यांचे जबाब शेजारी ठेवायचे. वाको जातीच्या ग्लायडरचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, वर कापड. पाणी क्षणात आत शिरे, पण लाकडी पंख तरंगत. कापड फाडून बाहेर पडलेले त्या पंखांना धरून तासन्‌तास राहिले. खुद्द या सैनिकांच्या डिव्हिजनचे सेनापती हॉपकिन्सन यांनाही जहाजाने पाण्यातून उचललं. कुणी असा वाचलेला भलत्याच बंदरात उतरला, तर पलटणीच्या यादीत तो काही काळ बेपत्ताच. एकाच ग्लायडरमधल्या दोघांच्या मृत्यूच्या तारखाही वेगळ्या सापडतात, एकाची ९, दुसऱ्याची १०. अशा वेळी कागदावरच्या तारखांवर भरवसा ठेवायचा नाही, पुन्हा खडूच्या नंबराकडे यायचं.

कबर मिळेल असं मी कुणालाही सांगत नाही. समुद्राने ठेवलेला माणूस समुद्रातच आहे.

गेल्या वर्षी एका बाईंचं पत्र आलं. मामा बेपत्ता, आईने मरेपर्यंत एकच विचारलं होतं : तो एकटा होता का? मी त्यांना त्या ग्लायडरमधल्या सगळ्यांची नावं पाठवली. मामांचं नाव तिसरं होतं.