चौथ्या ओवीआधीचा श्वास

शाळेच्या अमृतमहोत्सवाचं निमंत्रण आलं आणि सोबत स्मरणिकेसाठी चार शब्द लिहिण्याचा आग्रहही. कागद घेऊन बसलो तेव्हा लिहायचं बरंच होतं: वसतिगृहाची घंटा, मैदान, मुख्याध्यापकांची शिस्त. पण दुसऱ्याच ओळीला गायनाच्या बाई आल्या आणि मग बाकीचं काही पुढे येईना. बाईंचं नाव मी लिहीत नाही. आपल्या प्रार्थनामंदिरात ज्यांनी सकाळची उपासना केली आहे, त्यांना ‘बाई’ म्हटलं की पुरे.

मी सातवीत होतो. सराव चालला होता बायबलमधल्या स्तोत्र २३ चा, ज्यात देवाला मेंढपाळ म्हटलं आहे. आवाज मोठा म्हणून मी पेटीच्या डाव्या बाजूला, पहिल्या रांगेत. चाल मला पक्की पाठ होती. चौथी ओवी रंगात आली असताना बाईंनी भात्यावरचा हात काढला. पेटी थांबली.

‘‘आता तू कोणाशी बोलत होतास?’’ त्यांनी मला विचारलं.

‘‘देवाशी.’’

‘‘आणि तिसऱ्या ओवीपर्यंत?’’

मला उत्तर देता आलं नाही. मग त्यांनी सगळ्यांना सुरुवातीपासून म्हणायला लावलं, चालीशिवाय, नुसते शब्द. तो मला कुरणात बसवतो. तो मला पाण्यावर नेतो. तो, तो, तो. आणि मृत्युच्छायेची दरी आली की एकदम, ‘तू माझ्याबरोबर आहेस.’ बाई म्हणाल्या, ‘‘कुरणात होता तोवर मेंढपाळाविषयी सांगत होता. दरीत शिरल्यावर त्याच्याशीच बोलायला लागला. हे कळल्याशिवाय पुढचा सूर लावू नका.’’

तो अख्खा तास त्या एका जागी गेला. दुसऱ्या दिवशी उपासनेत गाताना बाईंनी चौथ्या ओवीआधी पेटी क्षणभर थांबवली, एका श्वासापुरती. त्या श्वासात मी आयुष्यात पहिल्यांदा प्रार्थना केली असं मला वाटतं. त्याआधी केल्या त्या पाठ केलेल्या होत्या.

बाईंची रीतच तशी होती. नवं गीत घेतलं की आधी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडायचं, तो भाग मोठ्याने वाचायचा, वाक्य कुठे संपतं ते पाहायचं. चाल कितीही गोड असली तरी ती वचन भलत्या ठिकाणी तोडत असेल तर बाई ती टाकून देत. स्तोत्र १३६ मध्ये २६ ओव्या, आणि २६ वेळा तेच उत्तर, की त्याची दया सनातन आहे. आम्ही कंटाळायचो. बाईंनी वर्गाचे दोन भाग केले. एकाने सांगायचं: आकाश केलं, समुद्र दुभंगला, अन्न दिलं. दुसऱ्याने दर वेळी तेच उत्तर द्यायचं. आठवडाभरात ते उत्तर आमच्या श्वासात बसलं. ‘परमेश्वर दयाळू आहे’ हा सिद्धान्त मी पुढे पुस्तकांतूनही वाचला, पण तोवर त्याला माझ्या तोंडात जागा झालेली होती.

त्या आम्हाला विलापाची स्तोत्रंही गायला लावत. स्तोत्र १३ सहाच ओव्यांचं, पण पहिल्या दोन ओव्यांतच ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो. लहान मुलांना इतकं दुःखी कशाला, असं कोणी तरी त्यांना म्हणालंही होतं. बाईंनी ते स्तोत्र सोडलं नाही.

त्याचं मोल मला कळलं ते आईच्या शेवटच्या आजारात. रुग्णालयाच्या बाकावर बसून प्रार्थना करायला गेलो तर एक शब्द सुचेना. आला तो चालीसकट, ‘कोठवर?’ देवाला असं विचारता येतं आणि विचारूनही त्याच्याच दाराशी बसून राहता येतं, हे मला कोणत्याही प्रवचनाने शिकवलेलं नव्हतं. आईची ओळख जवळजवळ गेली होती. मी हलकेच २३ वं स्तोत्र गायला लागलो, तर तिचे ओठ माझ्याबरोबर हलले. माझं नाव तिला आठवत नव्हतं, पण ओवी आठवत होती.

बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या ३१ व्या अध्यायात देव मोशेला गीत लिहून ते इस्राएलाला शिकवायला सांगतो, कारण ते गीत त्यांच्या संततीच्या मुखातून विसरलं जाणार नाही. प्रेषित पौलही कलस्सै गावच्या मंडळीला पत्रात गीतांनी एकमेकांना शिकवण्याविषयी आणि बोध करण्याविषयी लिहितो. गाणं म्हणजे उपदेशाआधीचा वेळ भरून काढणं, असं या दोघांनाही वाटत नव्हतं. प्रभू येशू स्वतः शेवटच्या भोजनानंतर गीत गाऊन जैतुनांच्या डोंगराकडे निघाला. वल्हांडण सणात ११३ ते ११८ ही स्तोत्रं गाण्याची यहूद्यांची रीत आहे. हा दिवस परमेश्वराने नेमलेला आहे, यात आनंद करू, ही ओवी ११८ व्या स्तोत्रातलीच. त्या रात्री, क्रुसाच्या आदल्या रात्री, हेच शब्द त्याच्या ओठांवर असतील, तर ते कोणत्या दिवसाविषयी गायले गेले, या विचाराने मी आजही ती ओळ गाताना अडखळतो.

गेली अठरा वर्षं मी आमच्या चर्चच्या मंडळीत गायन सांभाळतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही स्तोत्र ११९ चे २२ भाग २२ रविवारी गाऊन पूर्ण केले, सगळ्या १७६ ओव्या. शेवटच्या रविवारी आठ-नऊ वर्षांची मुलं पुस्तकाशिवाय उभी होती. माझ्या हातून झालेलं एवढं एकच काम मला बाईंना दाखवावंसं वाटलं. पण त्या गेल्या तेव्हा मी दूर होतो आणि कित्येक वर्षं त्यांना पत्रही लिहिलेलं नव्हतं. ही खंत जात नाही.

हल्ली पुष्कळ ठिकाणी पडद्यावर दोन ओळी येतात, त्याच दहा वेळा गायल्या जातात, आणि त्या बहुधा ‘मला किती छान वाटतं’ याविषयी असतात. ताल भरपूर असतो. आनंदाच्या गीतांना माझा विरोध नाही. पण विलाप जवळजवळ नाहीसा झाला आहे, आणि ज्या मुलांना दरीतली ओवी कधी दिलीच नाही ती दरीत काय गातील, याची मला खरोखर काळजी वाटते.

समारंभाच्या सकाळी उपासना आहे असं निमंत्रणात वाचलं. संयोजकांना एकच विनंती करतो. २३ वं स्तोत्र घ्यावं, आणि जे कोणी पेटीवर बसतील त्यांनी चौथ्या ओवीआधी क्षणभर थांबावं. मी डाव्या बाजूला, पहिल्या रांगेत असेन.