चित्र नसलेलं चर्च: ताउलचं सांत क्लिमेंत

बार्सिलोनाला जाणारे आपले लोक गाउदी, बीच आणि शॉपिंग करून परततात, आम्ही भाड्याची गाडी काढली आणि थेट पिरेनीजच्या डोंगरात व्हाल दे बोई नावाच्या खोऱ्यात गेलो. पोंत दे सुएर्त हे गाव मागे पडलं की रस्ता नदीच्या कडेकडेने चढायला लागतो आणि साधारण 1500 मीटरवर ताउल येतं. गाव कसलं, वाडीच म्हणा, काळ्या पाटीच्या दगडाची छपरं आणि गावाच्या तोंडाशीच सांत क्लिमेंत चर्च.

आधी नजर जाते ती मनोऱ्यावर. चौकोनी, सडपातळ, सहा मजली, प्रत्येक मजल्यावर बारीक खांबांवर पेललेल्या कमानदार खिडक्या आणि त्यांच्या वर छोट्या छोट्या बुजवलेल्या कमानींची झालर, तिच्यावर करवतीच्या दातांसारखी दगडांची ओळ. ही सगळी उत्तर इटलीतल्या लोंबार्दी भागातल्या गवंड्यांची पद्धत. लाकडी जिन्याने वरपर्यंत चढता येतं, गुडघे बरे असतील तर नक्की चढा, सगळं खोरं दिसतं.

रोमनेस्क म्हणजे गॉथिकच्या आधीची शैली, गोल कमानी, जाड भिंती, इवल्याशा खिडक्या. इथे तर अजूनच साधं काम आहे. गोल दगडी खांबांच्या दोन रांगा, त्यांवर काहीही कोरीव काम नाही, वर लाकडी छप्पर आणि समोर तीन अर्धगोल कोनाडे, मधला सगळ्यात मोठा. 10 डिसेंबर 1123 ला बिशप रामोन यांनी या चर्चची प्रतिष्ठापना केली, हे इथल्या एका खांबावर चक्क रंगाने लिहून ठेवलं होतं. आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी गावातल्या सांता मारिया चर्चची पण केली! एवढ्याशा गावात लागोपाठ दोन चर्च, म्हणजे पैसा कुठून आला हा प्रश्न पडतोच. तर इथले सरदार एरिल घराणं, त्यांनी आरागोनच्या राजाच्या बाजूने लढून कमावलेली लूट इथे ओतली असं मानतात.

आता मुख्य गोष्ट. मधल्या कोनाड्यात जे चित्र होतं, बदामी आकाराच्या प्रभेत बसलेला ख्रिस्त, हातात ‘मी जगाचा प्रकाश आहे’ असं लॅटिनमध्ये लिहिलेलं उघडं पुस्तक, ते आता इथे नाहीच. 20व्या शतकाच्या सुरुवातीला परदेशी कलेक्टर लोकांची नजर या डोंगरातल्या भित्तिचित्रांवर पडली, मुर नावाच्या गावातल्या चर्चचं अख्खं चित्र विकलं गेलं आणि बोस्टनच्या म्युझियममध्ये पोचलं. मग बार्सिलोनाच्या म्युझियमवाल्यांनी 1919 ते 1923 मध्ये उरलेली चित्रं स्वतःच विकत घेतली आणि इटालियन कारागीर बोलावून भिंतींवरून उतरवली. कशी, तर चित्रावर जनावरांच्या सरसाने कापड चिकटवायचं, सरस वाळून आकसला की कापड ओढायचं, रंगाचा पापुद्रा कापडाबरोबर निघून येतो. मग त्याची गुंडाळी करून खेचरांवर लादून डोंगर उतरायचा. वाचताना पण पोटात गोळा येतो.

गंमत बघा, त्याच सुमारास, 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला, निजामाने आपल्या अजिंठ्याला पण इटालियन तज्ज्ञच आणले होते. तिथे चित्रं भिंतीवरच राहिली, पण वर जो शेलॅकचा (लाखेच्या वॉर्निशचा) थर दिला तो पुढे पिवळा पडला आणि तो काढताना नंतरच्या लोकांचा घाम निघाला. म्हणजे दोन्हीकडे वाचवण्याची किंमत मोजावी लागली, तरी मला विचाराल तर मी अजिंठ्याच्याच बाजूने, चित्र जिथे काढलं तिथेच हवं.

ताउलमध्ये आता त्या कोऱ्या कोनाड्यावर 2013 पासून प्रोजेक्टरने चित्र उमटवतात. मला वाटलं होतं नुसता टुरिस्ट लोकांसाठी तमाशा असेल, पण छान केलंय. आधी रेघा येतात, मग रंग भरत जातात, तो निळा आणि लाल अंगावर येतो, आणि जखमा चाटणाऱ्या कुत्र्यासकट बायबलच्या गोष्टीतला गरीब लाझरस दिसतो, सगळ्या आकृत्यांमध्ये मला तोच आवडला. शो संपला की दिवे लागतात, तेव्हा लगेच उठू नका, भिंतीवर राहून गेलेले मूळ चित्राचे तुकडे नीट बघा, बायबलमधला काइन आपल्या भावाला, आबेलला मारतोय तो त्यातलाच. निळा रंग याच डोंगरांत मिळणाऱ्या एरिनाइट नावाच्या खनिजाचा आहे.

खोऱ्यातली नऊ चर्चेस मिळून 2000 पासून युनेस्कोच्या यादीत आहेत, सगळी बघायच्या फंदात पडू नका, एरिल ला व्हाल गावातलं मात्र करा. तिथे ख्रिस्ताला क्रुसावरून उतरवतानाच्या लाकडी मूर्ती आहेत, पण त्याही कॉपीच, मूळ मूर्ती ‘विक’ नावाचं शहर आणि बार्सिलोना इथल्या दोन म्युझियममध्ये वाटल्या गेल्यात, एकाच प्रसंगातली माणसं दोन शहरांत! आणि क्रम उलटा करू नका, आधी ताउल बघा, मग बार्सिलोनात मोंजुइक टेकडीवरच्या म्युझियममध्ये मूळ चित्रासमोर उभे राहा. तिथे कोनाड्याचा आकार लाकडात बनवून त्यात ते बसवलंय, तेव्हा ती खरी भिंत आधी पाहिलेली असली की मापं लगेच जुळतात.