तुम्ही विचारलंत म्हणून: किती खेळाडू घडवले?

"सर, तुमच्या हातून राष्ट्रीय पातळीवरचे किती खेळाडू घडले?" निवृत्तीनंतर सत्काराच्या व्यासपीठावर हा प्रश्न येतो, आणि लग्नात पंगतीला शेजारी बसलेले पाहुणेही तोच विचारतात. धाराशिव जिल्ह्यात खो-खो शिकवणाऱ्याची त्यातून सुटका नाही, कारण याच जिल्ह्यातील सारिका काळे यांना २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला आणि तेव्हापासून लोक प्रत्येक शाळेच्या मैदानावर दुसरी सारिका शोधतात.

संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहे, आणि तिच्यात माझा वाटा किती व त्या मुलींच्या पायांचा किती, हे मला आजवर ठरवता आलेले नाही. वेग मुलगी घरूनच घेऊन येते. मला शिकवावे लागले ते बसणे.

पाठलाग करणाऱ्या नऊ जणींपैकी आठ जणी एकीआड एक उलट दिशेला तोंड करून बसतात. नवी मुलगी खुरपायला बसावे तशी दोन्ही तळपाय टेकवून बसते आणि तिला उठेपर्यंत पळणारी निसटलेली असते. म्हणून एक पाय मागे, टाच उचललेली, बोटे जमिनीला टेकलेली, असे तिला रोज बसवावे लागते. पाठीवर हात पडून कानावर 'खो' आल्याशिवाय हलायचे नाही, आधी उठली तर फाऊल. आणि एकदा दिशा धरली की खांब गाठल्याशिवाय मागे वळता येत नाही. पळण्यात जी सर्वांत तेज, तीच इथे सर्वाधिक चुकते. हे अंगात मुरायला दोन हंगाम तरी लागतात, आणि आमच्याकडे ते दोन हंगाम सलग मिळणे हीच खरी अडचण आहे.

शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जातात, आणि त्या ऐन रंगात येतात तेव्हा, दिवाळीच्या सुमारास, भूम, वाशी, कळंब भागातील कित्येक कुटुंबे मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात निघालेली असतात. कोपीवर, म्हणजे तोडणीच्या जागेवरच्या झोपडीत, स्वयंपाकाला आणि धाकट्यांना सांभाळायला थोरली मुलगी सोबत लागते. हंगामी वसतिगृहांची सरकारी सोय आहे, तरीही वयात आलेली मुलगी मागे ठेवायला आई धजावत नाही, आणि त्याबद्दल मी कोणत्याही आईला दोष देत नाही. मुलगी परतते तेव्हा अनेकदा तिच्या लग्नाची बोलणी सुरू झालेली असतात.

अशाच एका घरी मी दहावीच्या क्रीडागुणांबद्दल आणि सरकारी नोकरीत खेळाडूंना असलेल्या ५ टक्के आरक्षणाबद्दल बोलत होतो. आज्जींनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "गुरुजी, पोरगी जिकली तर नाव तुमचं हुईल, काई झालं तर आमचं जाईल. अंधारात तिच्यासंगं येतं कोण?" शासन निर्णयात याचे उत्तर नव्हते. त्या आठवड्यापासून मी सराव सकाळी, शाळा भरण्याआधी घेऊ लागलो, आणि त्या घरची मुलगी हंगामभर मागे राहिली. पुढे ती विभागाच्या वर खेळली नाही, परिचारिका झाली. तुमच्या प्रश्नाच्या हिशेबात ती बसत नाही.

राष्ट्रीय खेळाडूंची यादी प्रमाणपत्रांवरून कोणीही काढू शकेल. मी ठेवलेल्या वहीत कोणत्या घरात कोणाचा शब्द चालतो आणि कोणाची मावशी गावातच राहून भाचीला सहा महिने ठेवून घेईल, एवढेच लिहिलेले आहे. माझ्या जागी आलेल्या बाईंनी शिट्टी आणि खांबांच्या आधी तीच मागून घेतली.