पॅरिस राहिलं, डब्लिन ठरलं

ऑगस्टच्या शनिवारी आमच्या ऑफिसात बसायला खुर्ची मिळत नाही. मी इंग्लंडमध्ये, मिल्टन कीन्सला एका छोट्या ट्रॅव्हल एजन्सीत काम करते. शाळांना सुट्टी, भारतातून आलेले आईवडील घरात, आणि समोर बसणाऱ्या प्रत्येकाची मागणी एकच: जवळचा एखादा देश, चार दिवस, स्वस्तात. 2024 च्या अशाच एका शनिवारी एक मुलगा आईवडिलांना घेऊन आला. मूळचे कराडचे. काका एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले, काकू शाळेत चित्रकला शिकवायच्या. लग्नाला चाळीस वर्षं होत होती, आणि मुलाच्या मनात पॅरिस होतं.

"ताई, लंडनहून युरोस्टार पकडली की सव्वादोन तासांत पॅरिस. हॉटेल साधं चालेल. फक्त हजार पौंडांच्या वर जायला नको."

मी म्हटलं, आधी तिघांचे पासपोर्ट बघू. तिन्ही भारतीय. मुलगा इथे नोकरीच्या व्हिसावर, आईवडील सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर. परतीच्या विमानाला तीन आठवडे उरलेले.

पॅरिस तिथेच संपलं. फ्रान्ससकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज माणूस जिथे राहतो त्या देशातून करायचा असतो, भेटीला आलेल्यांचा इथून सहसा घेत नाहीत. म्हणजे काका-काकूंना तो निघण्याआधी मुंबईतूनच काढायला हवा होता. शिवाय त्याच वर्षी जूनमध्ये त्याची फी 80 वरून 90 युरो झाली होती. मुलाचा चेहरा उतरला. काकू लगेच म्हणाल्या, "अरे, इथलीच एखादी बाग दाखव की. आम्हाला काय!" आईवडिलांचं हे 'आम्हाला काय' मी या टेबलावर इतक्यांदा ऐकलंय, आणि दर वेळी ते मला लागतं. आयुष्यभर खर्च टाळून टाळून ते वाक्य जिभेवर बसलेलं असतं.

मी काकूंच्या पासपोर्टमधला व्हिसाचा स्टिकर पुन्हा नीट बघितला. खालच्या टिपेच्या ओळीत 'बीआयव्हीएस' अशी चार अक्षरं होती. काकांच्याही स्टिकरवर होती. 2014 मध्ये ब्रिटन आणि आयर्लंड यांनी भारत आणि चीनच्या पर्यटकांसाठी ही सोय जाहीर केली. ज्याच्या ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसावर ही अक्षरं आहेत, त्याने आधी ब्रिटनमध्ये प्रवेश केला की त्याच व्हिसावर आयर्लंडला जाता येतं. वेगळा अर्ज नाही, वेगळी फी नाही. इथली मुदत शिल्लक असेपर्यंत, जास्तीत जास्त 90 दिवस. हा व्हिसा घेताना काका-काकूंनी आयर्लंडचेही पैसे भरून ठेवले होते, आणि घरात कुणालाच ते ठाऊक नव्हतं.

मुलगा खुर्चीत पुढे सरकला. "मग चला, आयर्लंड!"

आता खरी अवघड गोष्ट सांगायची होती. ही सोय फक्त भेटीला आलेल्यांसाठी आहे. इथे राहून नोकरी करणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकाला आयर्लंडचा स्वतंत्र व्हिसा लागतो. त्याची फी एका प्रवेशाला 60 युरो, आणि उत्तर यायला आठवडे लागतात.

"म्हणजे आईबाबा जाऊ शकतात, आणि मी नाही?"

"हो."

तो गप्प झाला. इथे कर भरणारा, घराचं भाडं देणारा तो, आणि दार उघडं होतं ते पहिल्यांदाच परदेशी आलेल्या त्याच्या आईवडिलांना. थोड्या वेळाने म्हणाला, "राहू दे मग. हे दोघं एकटे कुठे जाणार?"

"राहू दे कशाला?" काका पहिल्यांदाच बोलले. "पोरी, गाड्यांच्या वेळा दाखव."

पुढचे दोन तास आमच्या ऑफिसात जे झालं ते मी विसरणार नाही. मी त्यांना सेलरेल समजावून सांगितलं. एकाच तिकिटात घराजवळच्या स्टेशनपासून वेल्समधल्या हॉलिहेड बंदरापर्यंत रेल्वे, आणि पुढे डब्लिनपर्यंत बोट. ल्युटनहून विमान एरवी याहून स्वस्त पडतं, हे मी प्रत्येकाला आधीच सांगते. पण ऑगस्टच्या सुट्टीत विमानाचे दर रोज चढतात, बॅगेचे पैसे वेगळे, आणि विमानतळ गाठायचा खर्च निराळा. सेलरेलचं भाडं मात्र तुमचं स्टेशन किती लांब आहे त्यानुसार ठरवलेल्या पट्ट्यांवर असतं.

"म्हणजे टप्पे!" काका खुलले. "आमच्याकडं सहा किलोमीटरचा एक टप्पा. यांचा केवढा?"

त्यांनी खिशातून छोटी वही काढली. क्रू स्टेशनवर गाडी बदलायची, मध्ये किती मिनिटं, पहिली चुकली तर पुढची कधी, बोट किती आधी गाठायची, सगळं सुवाच्य अक्षरात उतरलं. आम्ही लावलेली क्रूची जोडगाडी त्यांनी नापसंत केली. "अकरा मिनिटांत बॅग घेऊन पूल चढायचा? नको. तासभर आधीची घे." बरोबर होतं त्यांचं. मी त्यांना चेस्टरनंतर उजव्या बाजूला बसायला सांगितलं, कारण पुढे रूळ समुद्राला लागून जातात, आणि कॉन्वीला गाडी किल्ल्याच्या तटाखालून निघते. बोटीचे सव्वातीन तास.

मुलाची घालमेल चालूच होती. शेवटी काकू म्हणाल्या, "साठ पोरं घेऊन मी अजिंठा-वेरूळला गेलेय. तुझे बाबा एकटेच आहेत."

डब्लिन स्वस्त नाही. हॉटेलांचे दर तर लंडनच्या तोडीचे. पण उन्हाळ्यात तिथली विद्यापीठं विद्यार्थ्यांच्या रिकाम्या खोल्या पाहुण्यांना भाड्याने देतात. आम्ही सामायिक स्वयंपाकघराची खोली शोधली, म्हणजे काकूंना भात-आमटी करता येईल. गावात फिरायला लीप कार्ड: 2 युरोंत 90 मिनिटं बस, ट्राम आणि लोकल. त्याच दोन युरोंत डार्ट लोकलने होथपर्यंत जाऊन कड्यावरून समुद्र बघता येतो. फीनिक्स पार्कमध्ये मोकळी हरणं आहेत, तिकीट नाही. राष्ट्रीय संग्रहालय आणि चित्रांची नॅशनल गॅलरी फुकट. काकूंसाठी मी डब्लिनच्या किल्ल्याच्या आवारातलं चेस्टर बीटी संग्रहालय मुद्दाम लिहून दिलं. तिथे मुघल चित्रशैलीतली अस्सल पानं आहेत, तीही फुकट बघायला.

आणि काकांसाठी ओ'कॉनेल स्ट्रीटवरचं मोठं पोस्ट ऑफिस, जीपीओ. 1916 च्या एप्रिलमध्ये आयरिश बंडखोरांनी ते ताब्यात घेतलं, इमारत पेटली तेव्हा शेजारच्या मूर स्ट्रीटवर गेले, आणि तिथून शरण आले. "एप्रिल 1916?" काकांनी पेन थांबवलं. "त्याच महिन्यात टिळकांनी बेळगावात होमरूल लीग काढली. होमरूल हा शब्द आयर्लंडचाच." मला हे जुळलेलं नव्हतं, त्यांनी जुळवून दिलं. त्या मूर स्ट्रीटवर आता भाजीबाजार भरतो आणि आपल्याकडच्या मसाल्यांची दुकानंही आहेत, हे ऐकून काकूंनीही एक ओळ लिहून घेतली.

सगळी बेरीज मुलाने पॅरिससाठी धरलेल्या रकमेच्या निम्म्याहून कमी आली. पैसे भरताना त्याने मला हळूच विचारलं, "काही झालं तर?" मी माझा नंबर काकांच्या वहीत लिहिला. पासपोर्टबरोबर परतीच्या विमानाचं तिकीट, खोलीचं बुकिंग आणि मुलाचं पत्र जवळ ठेवायला सांगितलं. इथली मुलं आईवडिलांना विमानतळावर उतरवून घेतात आणि मग सहा महिने त्यांना रस्तासुद्धा एकट्याने ओलांडू देत नाहीत. प्रेमानेच करतात, पण त्या माणसांनी संसार, नोकऱ्या, बदल्या सगळं निभावलेलं असतं. त्यांच्या हातात वेळापत्रक आणि नकाशा दिला तर ती जातात.

गुरुवारी दुपारी फोन वाजला. डब्लिनच्या बंदरावरून काका. अधिकाऱ्याने कुठे राहणार, किती दिवस, परत कधी एवढंच विचारलं आणि शिक्का मारला.

रविवारी पुन्हा फोन. मी घाबरूनच उचलला.

"पोरी, तुझी काकू त्या चित्रांच्या घरात दोनदा जाऊन आली, तिसऱ्यांदा जायचं म्हणतेय. आणि इथून उत्तर आयर्लंडातल्या बेलफास्टला बस जाते, सव्वादोन-अडीच तास. ते तर ब्रिटनमध्येच येतं ना? मग व्हिसाची अडचण नाही. खोली अजून दोन दिवस मिळेल का, आणि बोटीची तारीख पुढे सरकेल का, बघ."

मी खोली वाढवली, बोटीची तारीख बदलली आणि मग मुलाला फोन करून सांगितलं. तो आधी हसला, मग म्हणाला, "ताई, माझ्या आयर्लंडच्या व्हिसाला काय काय कागद लागतात, तेवढं आजच पाठवा."