बिलबुकातल्या चिठ्ठ्या : आमची वाटचाल

"कॅसेट खराब दिलीत," असं म्हणत एक गृहस्थ दुकानात परत आले, तो १९९१चा पावसाळा. टीव्हीवर नुसता काळा पडदा आणि मागे कसलेतरी भेसूर सूर. त्यांनी टीव्हीला दोन-चार थापट्याही मारून बघितल्या होत्या. बाबांनी कॅसेट मशीनमध्ये घातली आणि काहीही न करता स्टुलावर बसून राहिले. जवळजवळ तीन मिनिटं काळं. मग चित्र आलं. '२००१ : अ स्पेस ओडिसी' असाच सुरू होतो. लोक खुर्च्यांवर स्थिरावेपर्यंत वाजावं म्हणून दिग्दर्शक कुब्रिकने १९६८ साली सिनेमाआधी काळ्या पडद्यावर संगीत ठेवलेलं. सांगलीच्या मारुती चौकात हे कुणाला ठाऊक असणार?

गृहस्थ गेल्यावर बाबांनी बिलबुक ओढलं, कार्बन नीट केला आणि लिहिलं : 'सुरुवातीस तीन मिनिटे पडदा काळा राहील. कॅसेट चांगली आहे. नंतर सुमारे पंचवीस मिनिटे कोणी बोलणार नाही, माकडेच आहेत. टीव्ही थापटू नये.' वरचा कागद फाडून कॅसेटच्या डबीत गेला, खालची प्रत बुकात राहिली.

आज आमची फर्म सबटायटल करते. कागदोपत्री स्थापना २०११ची. पण आमची सुरुवात कधीची असं कुणी विचारलं, तर मी ही चिठ्ठी सांगते.

बाबांचं मूळ काम रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं. दुरुस्तीला आलेले व्हीसीआर तपासायला कॅसेट लागायच्या, त्या शेजारीपाजारी मागून न्यायला लागले, आणि १९८९मध्ये दुकानाच्या अर्ध्या भागात व्हिडिओ लायब्ररी झाली. डिपॉझिट २०० रुपये, भाडं दिवसाला १०, रिवाइंड न करता आणली तर २ रुपये दंड. शाळा सुटली की काउंटरवर मी. गिऱ्हाईक आत आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "बाबा नाहीत का?" मी असताना कुणी सिनेमाबद्दल मत विचारत नसे. मी मात्र देत असे.

हिंदी सिनेमाला चिठ्ठी लागत नव्हती. इंग्रजीचं दुखणं वेगळं. अमेरिकन उच्चार कळायचे नाहीत, खाली अक्षरं नसायची, आणि हाणामारी सोडून बाकी काय चाललंय ते अंदाजाने. त्यातही विज्ञानकथेवरचे सिनेमे म्हणजे दुहेरी अंधार. बाबांना ते फार आवडायचे. लहानपणी त्यांनी भा. रा. भागवतांच्या मराठीतून ज्यूल व्हर्न वाचला होता आणि त्याचा पाणबुडीवाला कॅप्टन नेमो त्यांच्या घरातलाच माणूस होता. नेमो मुळात बुंदेलखंडचा राजपुत्र, १८५७च्या उठावात लढलेला, हे व्हर्नने 'मिस्टिरियस आयलंड'मध्ये स्वच्छ लिहून ठेवलंय. आणि डिस्नेच्या १९५४च्या सिनेमात नेमो झालाय इंग्रज नट जेम्स मेसन! बाबांनी त्या कॅसेटवर चिठ्ठी लिहिली : 'नट उत्तम आहे. माणूस आपला आहे.' २००३मध्ये नसीरुद्दीन शाह नेमो म्हणून पडद्यावर आले तेव्हा बाबांनी सिनेमा पाहिला, सिनेमा भिकार असल्याचं मान्य केलं आणि तरी दुसऱ्यांदा पाहिला.

चिठ्ठ्या वाढल्या. 'प्लॅनेट ऑफ द एप्स'च्या कव्हरवर तर सिनेमाचा शेवटच छापलेला होता. ज्या एका दृश्यासाठी दोन तास बसायचं, ते डबीवर! बाबांनी त्यावर खाकी कागदाचा तुकडा चिकटवला. (अर्थात शाळकरी पोरांनी तो नखाने उचकटून बघितलाच.) त्या सिनेमाबद्दल माझं मत आजही तेच आहे : पिएर बूलच्या १९६३च्या कादंबरीपेक्षा सिनेमाचा शेवट भारी. कादंबरीत नायक पृथ्वीवर परततो, पॅरिसच्या विमानतळावर उतरतो आणि समोर येतं ते माकडच. छान चटका आहे, पण चटकाच. सिनेमात समुद्रकिनारी वाळूत अर्धा गाडलेला तो स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा दिसतो तेव्हा कुणी काही समजावून सांगावं लागत नाही. ज्याला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं ते गिऱ्हाईकसुद्धा कॅसेट परत देताना गप्प असायचं.

लोक चिठ्ठीच्या मागे उत्तरं लिहायला लागले हे आम्हाला अपेक्षित नव्हतं. 'ब्लेड रनर'ची चिठ्ठी बाबांनी हार मानून लिहिली होती : 'यात माणूस कोण आणि यंत्र कोण हे आम्हांस नीट कळलेले नाही. कळल्यास कळवावे.' एका औषधाच्या दुकानदारांनी मागे लिहिलं, 'हीरो स्वतःच यंत्र आहे. बायकोचेही हेच मत.' आमच्याकडे १९८२ची मूळ आवृत्ती होती. तो संशय वाढवणारं, नायकाला पडणारं युनिकॉर्नचं (एकशिंगी घोड्याचं) स्वप्न त्यात नाहीच, ते १९९२च्या आवृत्तीत आलं. म्हणजे नवराबायकोने स्वतःच्या अकलेने शोधून काढलेलं.

त्या मूळ आवृत्तीत नायक पडद्यामागून बोलत राहतो. जाणकार त्या निवेदनाला नाकं मुरडतात, दिग्दर्शक रिडली स्कॉटने पुढे ते काढूनच टाकलं. २००७ची शेवटची आवृत्ती मी पाहिली आहे, सुंदर आहे. पण माझं मत विचाराल तर मला निवेदनाची आवडते. कंटाळलेल्या आवाजात कुणीतरी हळूहळू इंग्रजी बोलतोय आणि बाबा वही घेऊन एकेक वाक्य पकडतायत, यातून आमच्या घरी इंग्रजी आलं. शेवटची हिरव्या डोंगरांवरची दृश्यं मात्र खरोखरच ठिगळ आहेत. ती कुब्रिकच्या 'द शायनिंग'साठी टिपलेल्या, न वापरलेल्या फिल्ममधून घेतलेली. ठिगळाचं कापडसुद्धा दुसऱ्याच्या घरचं.

अजून एक गोष्ट कळायला मला फार वर्षं लागली. आम्ही कॅसेटवर जे बघत होतो तो अख्खा सिनेमा नव्हताच. तेव्हाचा टीव्ही चारास तीन मापाचा, जवळजवळ चौकोनी. '२००१' सत्तर मिलिमीटरवर, लांबच लांब पट्टीसारखा. तो टीव्हीभर बसवायचा तर दोन्ही बाजू मिळून चाळीस टक्के चित्र कापलं जातं. 'ब्लेड रनर'चं तर त्याहून जास्त. पुढे पुण्यात मोठ्या पडद्यावर 'ब्लेड रनर' बघताना मला कडेला उभी असलेली माणसं दिसली, ज्यांना मी कधी पाहिलंच नव्हतं. इतकी वर्षं या सिनेमावर हिरिरीने मतं देत होते ती अर्ध्या सिनेमावर.

१९९४मध्ये 'जुरासिक पार्क' हिंदीत आला आणि धंद्याचं गणित फिरलं. डायनासोरला हिंदी यायची गरज नव्हती, पण आजूबाजूची माणसं हिंदी बोलायला लागल्यावर आज्या-पणज्यासुद्धा थिएटरात गेल्या. मायकेल क्रायटनच्या कादंबरीतला पार्कचा मालक लोभी, खडूस म्हातारा आहे आणि शेवटी छोटे डायनासोर त्याला खातात. स्पीलबर्गने त्याचा प्रेमळ आजोबा केला. पुस्तकवाले याला गुळचटपणा म्हणतात. मला पटत नाही. लोभी माणसाने वाट लावली तर आपण सुटतो, 'आपण कुठे लोभी' म्हणून. चांगल्या हौशी आजोबाने वाट लावली की भीती वाटते, कारण तसे आजोबा आपल्याकडे घरटी एक असतात. आमच्याकडेही होते, दुरुस्तीच्या नावाखाली चालू टीव्ही उघडून बसणारे.

मग व्हीसीडी आल्या आणि लोकांना दोन तबकड्यांत सिनेमा बघायची सवय लागली. तारकोव्हस्कीचा 'सोलारिस' तीन तबकड्यांचा. पुण्याहून आणलेला तो संच वर्षभरात चार जणांनी नेला, त्यात दोनदा मीच. दोन्ही वेळा मोटारीच्या त्या लांबलचक प्रवासात झोपले. टोकियोच्या रस्त्यांवर टिपलेला तो प्रवास संपतच नाही. तिसऱ्यांदा जागी राहिले आणि मग दोन दिवस कुणाशी बोलले नाही. मूळ कादंबरीकार स्तानिस्लाव लेम या सिनेमावर कायमचा चिडलेला होता. याने 'सोलारिस' नाही, दोस्तोयव्हस्कीचा 'क्राइम अँड पनिशमेंट' बनवलाय, असं त्याचं म्हणणं. लेमला सांगायचं होतं की सोलारिस ग्रहावरचा तो सजीव महासागर माणसाला कधीच कळणार नाही. सिनेमा नायकाच्या मेलेल्या बायकोपाशी जाऊन बसला. लेमची बाजू न वाचता बाबांनीही तेच लिहिलं होतं : 'समुद्र दाखवायचा सोडून बायको दाखवली आहे. पण बायको चांगली दाखवली आहे.' याहून नेमकं परीक्षण मी अजून वाचलेलं नाही.

२००५च्या जुलैअखेर कृष्णा चढली. सांगलीत पावसाळ्यात कुणी कुणाला 'कसे आहात' विचारत नाही, 'आयर्विनला किती फूट' विचारतात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पंचेचाळीस फूट ही धोक्याची रेषा. ती ओलांडली तेव्हा आम्ही टीव्ही आणि मशीनं माळ्यावर चढवली, कॅसेटना जागा उरली नाही. तसाही पावसाळ्यात बुरशीचा त्रास असायचा, कपाटात चाळीसचा बल्ब लावून ठेवायचो. आता कपाटच पाण्यात. पाणी ओसरल्यावर दोन ट्रॉली भरून कॅसेट कचऱ्यात गेल्या. डब्यांतल्या चिठ्ठ्यांचा लगदा झाला. बिलबुकं मात्र माळ्यावर होती, हिशेबाच्या फायलींबरोबर. कार्बनच्या निळ्या प्रती, एकूण एकोणीस बुकं.

लायब्ररी पुन्हा उभी करण्यात अर्थ नव्हता. मी कॉम्प्युटरवर मराठी टायपिंगची कामं घेत होते. एका ओळखीच्या दिग्दर्शकाला महोत्सवासाठी मराठी लघुपटाची इंग्रजी सबटायटल हवी होती, ती केली. त्याने दुसऱ्याला सांगितलं. २०११मध्ये भावासोबत फर्म नोंदवली. पहिली दोन वर्षं पैसे नव्हतेच, त्याबद्दल लिहिण्यासारखंही काही नाही. २०२०मध्ये लोक घरात अडकले आणि परदेशी मालिकांची मराठी सबटायटल एकदम हवीशी झाली, तेव्हा आम्ही दोघांचे पाच झालो. एका मध्यस्थ एजन्सीने अकरा महिने बिल थकवलं, त्यातलं अर्धं अजून यायचंय.

या कामात शिरल्यावर 'सिनेमा पुस्तकासारखा आहे का' हा प्रश्न मला निरर्थक वाटायला लागला. एका ओळीत चाळीस-बेचाळीस अक्षरं, जास्तीत जास्त दोन ओळी, आणि पात्र बोलून संपायच्या आत वाचून व्हायला हवं. सगळं बसत नाही. टाकावंच लागतं. काय टाकलं आणि ते समजून-उमजून टाकलं का, एवढंच बघायचं. 'आय, रोबॉट'वाल्यांनी २००४मध्ये विज्ञानकथाकार आसिमॉव्हचं नाव आणि त्याचे रोबॉटसाठीचे तीन नियम ठेवले, बाकी जवळजवळ सगळं टाकलं. पाटी एकाची, माल भलत्याचा. मुळात ती पटकथाच वेगळ्या नावाने लिहिलेली होती. उलट डेव्हिड लिंचला १९८४च्या 'ड्यून'मध्ये काही टाकवेना. पात्रं मनातल्या मनात कुजबुजत राहतात, आणि अमेरिकेत काही थिएटरांत प्रेक्षकांना शब्दार्थांचा छापील कागद वाटला होता. हे वाचून बाबा किती खूश झाले! "म्हणजे ते पण चिठ्ठी देतात." दिग्दर्शक व्हिलनव्हने २०२१च्या आपल्या 'ड्यून'मध्ये अर्धंच पुस्तक घेतलं आणि उरलेलं पुढच्या भागावर ठेवलं. हे शहाणपण. मला तरीही लिंचचा जास्त आठवतो, का ते सांगता येत नाही.

नवीन माणूस घेताना आमची एक परीक्षा असते. त्रुफोच्या १९६६च्या 'फॅरनहाइट ४५१'ची सुरुवात दाखवायची. ब्रॅडबरीच्या त्या गोष्टीत पुस्तकं जाळतात, वाचणं गुन्हा आहे; म्हणून सिनेमाची श्रेयनामावली पडद्यावर लिहिलेली नाही, ती बोलून दाखवली आहे. याला मराठी सबटायटल करा, असं सांगायचं. बहुतेक जण झरझर नावं टाइप करतात. जिथे अक्षरंच नकोत असं दिग्दर्शकाने ठरवलं, तिथे आपण खाली अक्षरांची रांग लावतोय, हे ध्यानात येत नाही. एका मिरजेच्या मुलीने पंधरा मिनिटं काही टाइपच केलं नाही. मग म्हणाली, "ताई, इथे मी काही देणार नाही. ऑडिओ डबिंगवाल्यांना द्या." तिला त्याच दिवशी घेतलं. भाऊ म्हणतो, असं केलं तर क्लायंट बिल कापेल. त्याचंही खरं आहे.

हल्ली मशीनने केलेलं भाषांतर दुरुस्त करायची कामं जास्त येतात, दर निम्मा. परवा एका अंतराळयानाच्या 'पॉड बे'ची 'शेंगेची खाडी' होऊन आली. मी सहज जुनं बिलबुक काढलं. १९९१च्या एका चिठ्ठीत बाबांनी लिहिलेलं सापडलं, 'छोटी याने ठेवायची खोली'. तेच टाकलं.

बाबा आता सकाळी दुकानात येत नाहीत. घरी टीव्हीवर आमची सबटायटल लावून बघतात, मांडीवर बिलबुक, त्यात कार्बन. चुका लिहितात, वरचा कागद माझ्या टेबलावर येतो, प्रत त्यांच्याकडे राहते. कालचा कागद असा होता : 'बाविसाव्या मिनिटाला "कृपया" नको. मागे क्षेपणास्त्रे लागलेला माणूस कृपया म्हणत नाही. बाकी ठीक. आवाज कमी-जास्त होतो आहे, तो टीव्हीचा दोष, उद्या उघडून बघतो.'